ओर्कांची वस्ती जाळल्यानंतर टेबलावर पेटलेला वाद: राजकारण खेळाबाहेर ठेवता येते का?

चोपड्याच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांचा गट दीड वर्षापासून दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेत आणि फासे टाकत खेळायचा खेळ, खेळतो आणि हा तरुण डीएम आहे, म्हणजे खेळ तो चालवतो. मागच्या महिन्यात खेळाडूंच्या पात्रांनी डोंगरातील ओर्कांची, म्हणजे या खेळातल्या राक्षसी जमातीची, एक वस्ती रात्री जाळली. पळणाऱ्या पोरांचे काय करायचे, असे एकाने विचारले, तेव्हा दुसरा म्हणाला की ओर्क जन्मानेच दुष्ट असतात, रूलबुकात तसे स्पष्ट लिहिले आहे. त्यावर शिरपूरकडच्या भिल्ल कुटुंबातील एक मित्र म्हणाला की नेमकी अशीच वाक्ये आमच्या पणजोबांबद्दल सरकारी कागदांत लिहिलेली आहेत. तिथून वाद वनहक्क, आरक्षण आणि एकमेकांची आडनावे इथपर्यंत पोहोचला आणि रात्री एक वाजता सगळे न बोलता उठले. तो मित्र त्यानंतर आलेला नाही. उरलेल्यांपैकी दोघांची मागणी आहे की टेबलावर राजकारण आणि समाज या विषयांना पूर्ण बंदी असावी. अशी बंदी घालावी का, आणि मित्राचे काय करावे, हे त्या तरुणाचे दोन प्रश्न आहेत.

मी जळगावात सोळा वर्षे हे खेळ चालवतो आहे. या काळात माझ्या टेबलावर रेल्वेतले कर्मचारी, केळी उत्पादक, प्राध्यापक, सोन्याच्या पेढीवरचे कारागीर आणि अनेक विद्यार्थी बसून गेले. तुम्ही वर्णन केलेला वाद मी निरनिराळ्या रूपांत किमान पाच-सहा वेळा पाहिला आहे. माझे उत्तर असे की बंदी घालू नये, कारण ती पाळता येण्यासारखी नाही. राजकारण तुमच्या खेळात त्या रात्री कोणी बाहेरून आणले नव्हते. दीड वर्षापूर्वी तुम्ही पहिले कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे गुण नोंदवायचा कागद, भरले तेव्हाच ते आत आलेले होते. नियम कशाला बक्षीस देतात, कोणाला शत्रू ठरवतात आणि कोणत्या गोष्टीबद्दल काहीच बोलत नाहीत, या तिन्ही ठिकाणी समाजाबद्दलचे एक मत दडलेले असते. त्या मतावर बोलायचे नाही असे ठरवले, तर ते मत तसेच चालू राहते आणि फक्त आक्षेप घेणाऱ्याचे तोंड बंद होते. तुमच्या गटात ते तोंड कोणाचे असेल हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता बक्षिसाचीच गोष्ट घ्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापून आला तेव्हा अनुभवाचे गुण, म्हणजे एक्सपी, मुख्यतः सोन्यावर मिळत असत. भुयारातून एक सोन्याचे नाणे सुखरूप बाहेर आणले की एक गुण. पुढच्याच वर्षीच्या पुरवणीने मारलेल्या राक्षसाचे गुण त्या मानाने किरकोळ केले, त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळून माल बाहेर काढत असे. त्या काळच्या खेळाडूंच्या स्वभावात तसे काही नव्हते. हिशेबच त्यांना तसे वागायला लावत होता.

हे मी स्वतः करून पाहिले आहे. दुष्काळ पडलेले एक गाव, गावात पाणी असलेली एकच विहीर, ती एका सावकाराच्या वाड्यात आणि वाड्यात सोनेही, असा प्रसंग मी रचला. पहिल्या वेळी सोन्यावर गुण देण्याचा जुना नियम ठेवला. खेळाडूंनी सव्वा तास वाड्याचा नकाशा काढण्यात घालवला, रात्री छपरावरून उतरून सोने काढले आणि पहाटेपूर्वी गाव सोडले. विहिरीबद्दल एकानेही विचारले नाही. चार महिन्यांनी तोच प्रसंग बहुतांश त्याच खेळाडूंना वेगळ्या नावांनी दिला आणि नियम बदलला: गावातल्या माणसाला दिलेला शब्द पाळला की गुण. या वेळी तीन तास पाण्याच्या पाळ्या लावण्यात गेले, सावकाराशी बोलणी झाली, एका म्हातारीचे रांजण कोण भरणार यावर भांडण झाले. पण दुसऱ्या सेशनपर्यंत खेळाडूंना नव्या हिशेबाचे वळण कळले होते आणि ते दारोदार जाऊन सोपे सोपे शब्द देऊ लागले, म्हणजे पाळायला स्वस्त आणि गुण पदरात पाडणारे. कोणताही नियम माणसाला चांगले करत नाही. प्रत्येक नियम आपापल्या जातीचा लोभ जन्माला घालतो, हे त्या दोन प्रयोगांतून मला जितके स्वच्छ दिसले तितके व्याख्यानांतून कधी दिसले नव्हते. त्या रात्री आमची जी चर्चा झाली ती निवडणुकीतल्या आश्वासनांवर झाली, आणि ती खेळाचाच भाग होती असे मी मानतो.

आता ओर्कांकडे वळतो, कारण तुमच्या वादाचे मूळ तिथे आहे. 'रूलबुकात तसे लिहिले आहे' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी रूलबुकात काय काय लिहिले गेले आहे ते पाहावे. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत नीतीचे तीनच पक्ष होते, नियमबद्ध, तटस्थ आणि अराजक, आणि ओर्कांचे नाव तटस्थ व अराजक अशा दोन्ही यादींत होते. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकामध्ये तेच ओर्क नियमबद्ध-दुष्ट झाले. २०१४ च्या पुस्तकात ते अराजक-दुष्ट होते. २०२० साली प्रकाशकांनीच असे जाहीर केले की संपूर्ण वंशाला दुष्ट ठरवण्याची जुनी रीत बदलायला हवी, आणि २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये ओर्क हे कोणीही निवडावे असे साधे पात्र म्हणून आले. 'रेस' हा शब्द जाऊन तिथे 'स्पीशीज' आला. पन्नास वर्षांत ज्यांचा 'जन्मजात' स्वभाव इतक्या वेळा बदलला, त्यांच्या जन्मजात स्वभावाची ग्वाही देणारे पुस्तक पुरावा म्हणून कितपत चालेल, हा प्रश्न तुमच्या दुसऱ्या मित्राला शांतपणे विचारता येईल.

आणि पहिल्या मित्राचे म्हणणे भावनेच्या भरातले होते असे कृपा करून समजू नका. ते खानदेशच्या इतिहासाला धरून आहे. १८१८ साली कंपनी सरकारने खानदेश घेतला तेव्हा सातपुडा आणि सातमाळ्यातील भिल्ल नाईकांचे घाटवाटांवरचे आणि गावांच्या राखणीचे जुने हक्क होते. ते हक्क विस्कटले, त्याआधीच्या लुटालुटीने आणि दुष्काळाने गावेही ओस पडलेली होती, आणि इंग्रजी कागदपत्रांत मात्र हा सारा गुंता 'लुटारू जमात' या दोन शब्दांत मिटला. सात वर्षे मोहिमा काढूनही बंदोबस्त झाला नाही, तेव्हा १८२५ मध्ये धरणगावला जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली, म्हणजे ज्यांना जन्मतः लुटारू म्हटले त्यांनाच पगार आणि मान दिल्यावर ते पहारेकरी झाले. सेंधव्याच्या घाटात कंपनीची राखणदारी करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उठला आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीची लढाई झाली. त्यानंतर १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. ज्या घरात या गोष्टी ऐकून माणूस वाढला आहे, त्याला डोंगरातली वस्ती, रात्रीची आग आणि 'ते असतातच तसे' हे शब्द एकत्र ऐकू आले, तर त्याने काय ऐकले हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

तरीही दुसऱ्या मित्रावरही अन्याय होऊ नये. त्याने नियमांनी दिलेला शत्रू शत्रू म्हणून खेळला. पात्राच्या हातात मशाल होती, माणसाच्या हातात नव्हती. दोष द्यायचाच तर थोडा तुमच्याकडे येतो, आणि हे मी डीएमने डीएमला सांगावे तसे सांगतो: तुम्ही वस्ती उभी केली, पण वस्तीत माणूस उभा केला नाही. त्या ओर्कांना नावे नव्हती, त्यांची चूल कुठे होती, पाणी कुठून येत होते, खालच्या गावाशी त्यांचे भांडण कशावरून होते, यातले काही टेबलावर आले नाही. जिथे प्रश्न विचारायला जागा नसते तिथे खेळाडू आग लावतात. हे टाळण्यासाठी मी गेली काही वर्षे एक साधी सवय ठेवली आहे: कोणतीही वस्ती नकाशावर काढण्यापूर्वी तिथल्या तीन जणांचे आज सकाळचे काम लिहून ठेवायचे. एक जण मोह वेचतो आहे, एकीचे पोर तापाने फणफणले आहे, एक जण कालच्या बाजारात फसवला गेला आहे. एवढ्याने पुरते. यानंतरही खेळाडूंनी वस्ती जाळायचे ठरवले तर तो त्यांचा विचारपूर्वक निर्णय असतो आणि त्यावरचा वादही अधिक खरा होतो.

नियमांतले राजकारण फक्त राक्षसांच्या पानांवर असते असेही नाही. २०२४ च्या पुस्तकात वंशानुसार मिळणारी गुणवाढ काढून ती पात्राच्या पार्श्वभूमीला जोडली आहे, आणि बऱ्याच जणांना वाटले की आता प्रश्न सुटला. त्यात 'शेतकरी' ही पार्श्वभूमी घेतली तर शक्ती, काटकपणा आणि समज यांतच वाढ मिळते. बुद्धी त्या यादीत नाही. 'उमराव' घेतला तर बुद्धी आहे. रावेर तालुक्यातील केळी उत्पादकाची मुलगी आमच्या गटात आहे. तिने ते पान वाचून पुस्तक खाली ठेवले आणि म्हणाली की माझे वडील टिश्यू कल्चरच्या रोपांचे हप्ते, ठिबकमधून द्यायच्या खतांचे प्रमाण, करप्याच्या फवारणीचे दिवस, रोजचा बोर्ड भाव आणि फळपीक विम्याच्या तारखा डोक्यात ठेवतात, आणि या पुस्तकाच्या मते त्यांनी त्यातून फक्त अंग कमावले. एकाने उत्तर दिले की खेळात बुद्धी म्हणजे पुस्तकी विद्या आणि समज म्हणजे जाण, आणि शेतकऱ्याला जाण दिलेली आहे. तिने विचारले की हा फरक कोणी ठरवला, आणि हिशेब जाणेत येतो की विद्येत? त्या प्रश्नावर आम्ही जवळजवळ दोन तास बोललो. शारीरिक श्रमात ज्ञान असते की नाही, हा प्रश्न महाराष्ट्राने फार मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, आणि तो आमच्या टेबलावर कॅरेक्टर शीटच्या एका चौकोनातून आला. अशा चर्चेवर बंदी घालून मी काय वाचवणार होतो?

इथेच एक गोष्ट ठामपणे सांगतो. आपल्याकडचे काही उत्साही डीएम भारतीय जग रचताना जातींना रेसच्या (वंशाच्या) किंवा क्लासच्या (पात्राच्या पेशाच्या) जागी बसवतात आणि अमुक जातीला बुद्धी दोन जास्त, तमुक जातीला शक्ती दोन जास्त असे लिहितात. हे करू नये. जात ही माणसांनी माणसांवर लादलेली व्यवस्था आहे. तिला जन्मजात गुणांचे आकडे दिले की जे जातिव्यवस्थेचे समर्थक आयुष्यभर सांगत आले तेच तुम्ही नियम म्हणून छापता, आणि फाशावर ते खरेही ठरते. जात खेळात आणायची असेल तर ती दारावर, पाणवठ्यावर, पंगतीत आणि सातबाऱ्यावर आणावी, शरीरात नव्हे. मी हे सांगतो तेव्हा काही जण सर्जनशील स्वातंत्र्याचा मुद्दा काढतात. स्वातंत्र्य आहेच, पण त्या टेबलावर मी बसणार नाही.

आता भाषेबद्दल लिहितो. या विषयावर मी सर्वांत उशिरा विचार केला आणि सर्वांत जास्त शिकलो. कित्येक वर्षे माझ्या जगात राजे, पंडित आणि एल्फ नावाचे वनवासी यक्षांसारखे लोक प्रमाण मराठीत बोलत, तर गाडीवान, चोर आणि खाणावळीतली पोरे अहिराणीत बोलत. हे मी ठरवून केले नव्हते. तसा आवाज आपोआप निघत असे आणि टेबल हसत असे. एका सेशननंतर घरी अहिराणीच बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने भांडी आवरता आवरता विचारले, "सर, आपल्या जगात अहिराणी बोलणारा एकही शहाणा माणूस का नाही?" मला उत्तर देता आले नाही.

पुढच्या मोहिमेत, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या पुढच्या कथेत, मी राज्यच उलटे केले. तापीसारख्या नदीकाठचे एक राज्य, त्याचा दरबार, कायदा आणि देवळातले मंत्रही अहिराणीत, आणि प्रमाण मराठी बोलणारा एक परका वकील, म्हणजे दुसऱ्या राजाचा दूत, जमीन मोजणीची परवानगी मागायला आलेला. वकिलाचे पात्र ज्याच्याकडे होते त्याला अहिराणी येत नव्हती, म्हणून दुसरा खेळाडू दुभाषा झाला. दरबारातली म्हातारी मी चालवत होतो. तिने विचारले, "हाई जमीन कोनी शे?" दुभाष्याने वळून वकिलाला सांगितले, "ही जमीन कोणाच्या नावावर आहे, असे त्या विचारतात." त्याच क्षणी ती विद्यार्थिनी म्हणाली, "थांबा, तिने असे विचारले नाही." जमीन कोणाची आहे हा एक प्रश्न आणि जमीन कोणाच्या नावावर आहे हा दुसरा, आणि दुभाष्याने अजाणता पहिल्याचा दुसरा करून टाकला होता. म्हातारीच्या मनात कसणारा होता, वकिलाच्या मनात कागद. फासे बाजूला राहिले. कोणी १८५२ ची आठवण काढली, जेव्हा सावदा, फैजपूर आणि एरंडोल भागात इंग्रजांच्या महसुली मोजणीला रयतेने विरोध केला होता. कोणी २००६ च्या वनहक्क कायद्यातील दाव्यांबद्दल बोलले, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीसाठी पुरावा गोळा करावा लागतो. कोणी शहाद्याच्या बाजूला १९७० च्या दशकात श्रमिक संघटनेने गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी दिलेल्या लढ्याबद्दल सांगितले. पण लक्षात घ्या, या साऱ्या बोलण्याला एक खुंटी होती. म्हातारी अजून उत्तराची वाट पाहत होती आणि वकिलाला काहीतरी बोलणे भाग होते. शेवटी त्या खेळाडूने वकिलाच्या तोंडून सांगितले, "मला तुमचा प्रश्न नीट कळेपर्यंत मी मोजणी करणार नाही." त्याच्या पात्राला त्याची किंमत मोजावी लागली, कारण त्याच्या राजाने त्याला परत बोलावले. अशी किंमत असली की वादाला वजन येते.

तुमच्या त्या रात्रीच्या वादात मला हीच खुंटी दिसत नाही. ओर्कांच्या पोरांचे काय करायचे हा प्रश्न खेळाने विचारलेला होता आणि त्याचे उत्तर पात्रांनी द्यायचे होते. ते उत्तर न देता सगळे आडनावांवर गेले. माझा अनुभव असा की टेबलावरचे बहुतेक कडू वाद प्रश्न मध्येच बदलल्यामुळे कडू होतात. नियमाचा अर्थ काय, हा एक वाद. या प्रसंगी पात्राने काय करावे, हा दुसरा. आणि तू कसला माणूस आहेस, हा तिसरा. पहिले दोन मनसोक्त करावेत. तिसरा सुरू झाला की डीएमने हात वर करून खेळ थांबवावा आणि चहा ठेवावा.

पहिल्या दोन वादांना हलके समजू नका. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न मुळात खेळाच्या नियमाचा होता: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की आधी मला, आणि स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा हक्क उरतो का? भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून अडले, कौरव भावांपैकी एकटा विकर्ण उठून तिच्या बाजूने बोलला आणि त्याला गप्प बसवण्यात आले. सभेतल्या ज्यांना 'हा तर नियमाचा प्रश्न' असे वाटले त्यांनी स्वामित्वाचा, विवाहाचा आणि दास्याचा प्रश्न ऐकलाच नाही. नियमांचा कीस काढणाऱ्या खेळाडूला आपल्याकडे सहसा कटकट्या समजतात. मी त्याला बोलू देतो, कारण अनेकदा विकर्ण तोच असतो.

वाद घालण्याची रीतही आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. खानदेशातील वहीगायनाच्या मागे कलगी-तुऱ्याची परंपरा आहे. कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची, आणि रात्रभर एकमेकांना कोड्यांत पकडतात. बाजू घराण्याने ठरलेली असते, उत्तर गाण्यातच द्यावे लागते आणि पहाटे दोन्ही फडांचे लोक एकाच चुलीवरचा चहा पितात. आम्ही त्यातून दोन गोष्टी घेतल्या. मोठा मतभेद झाला की पुढच्या सेशनमध्ये दोन्ही पक्षांना एकमेकांच्या बाजूची पात्रे देतो, आणि मत मांडायचे ते शक्यतो पात्राच्या तोंडून, त्या जगात त्या माणसाला जे ठाऊक असेल तेवढ्याच आधारावर. मोजणीदाराची बाजू घेणाऱ्याला एकदा रयत होऊन पाहू द्यावे. अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञानाची संस्था आहे आणि तिथे शिकलेला आमचा एक जुना खेळाडू यावर म्हणत असे की पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, इतका नीट मांडावा की पूर्वपक्षवाल्याने मान डोलवावी, मगच उत्तरपक्षाला अधिकार. ही जुनी शिस्त टेबलावर फार उपयोगी पडते.

मर्यादा मात्र हव्यातच, आणि त्या आधी ठरवलेल्या हव्यात. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली रेषा आणि पडदा ही पद्धत मला सर्वांत व्यवहार्य वाटते: काही गोष्टी खेळात येणारच नाहीत, ती रेषा, काही घडतील पण त्यांचे वर्णन होणार नाही, तो पडदा. मोहीम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या रेषा चिठ्ठीवर लिहून डीएमला द्याव्यात, कारण त्या सर्वांसमोर सांगणे अनेकांना जड जाते. जॉन स्टाव्ह्रोपौलोस यांचे एक्स-कार्डही टेबलावर ठेवावे. ते उचलले की प्रसंग तिथेच सोडायचा आणि कारण विचारायचे नाही. पण कार्ड ही माघारीची वाट आहे, युक्तिवाद नव्हे. मत पटले नाही म्हणून कार्ड उचलणे चुकीचे, आणि कोणी खरोखर घुसमटून उचलले असता त्याच्याशी मतावर वाद घालणे त्याहून चुकीचे.

ज्यांना असे वाटते की मूळ खेळ निखळ होता आणि राजकारण नंतर शिरले, त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगतो. या छंदाचा एक पूर्वज प्रशियातील लष्करी सरावाचा खेळ आहे. राइसविट्स याने १८२४ मध्ये तो तक्ते आणि फासे यांवर उभा केला, आणि १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा असे सांगितले. डीएमचा अधिकार तिथून येतो. दुसरा पूर्वज डेव्हिड वेस्ली यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटात चालवलेला ब्राउनस्टाइन हा खेळ. त्यात सैन्यांऐवजी एका काल्पनिक शहरातील नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा प्रमुख अशी माणसे खेळाडूंकडे दिली होती आणि प्रत्येकाचा हेतू वेगळा होता. अर्नेसन त्याच वर्तुळात खेळत होते. म्हणजे भुयारे आणि ड्रॅगन येण्यापूर्वी या खेळात नगरपालिका आली होती.

पंचाच्या अधिकाराचा उल्लेख केला म्हणून सांगतो: बंदीची मागणी तुमच्याकडे आली आहे, कारण टेबलावरची सत्ता तुमच्याकडे आहे. तिचा निर्णय एकट्याने देऊ नका आणि पाच जणांत तीन विरुद्ध दोन असे मतदानही घेऊ नका. बहुमताने गप्प केलेला माणूस परत येत नाही.

आता मित्राबद्दल. त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका. शिरपूरला एसटी जाते, जाऊन भेटा. त्याला समजावायला जाऊ नका. त्या रात्री तू जे म्हणालास ते खरे होते आणि मी खेळ चालवत असून ते ऐकून पुढे नेले नाही, एवढे सांगा. त्यानंतर तो बोलेल ते ऐका, आणि त्याने खेळायला नकार दिला तर तो नकार घेऊन परत या. वस्ती जाळणाऱ्या मित्रालाही वेगळे भेटा. त्याला कोणी माणूस म्हणून दुष्ट ठरवलेले नाही हे त्याच्या कानावर पडायला हवे, नाहीतर तो पुढच्या वेळी फक्त बचाव करायला येईल.

शिरपूरचा मित्र यायला तयार झाला, तर मोहीम पुढे ढकलून ती रात्र विसरल्यासारखे करू नका. जळालेल्या वस्तीच्या दुसऱ्या सकाळपासून सेशन सुरू करा. सर्वांची जुनी पात्रे बाजूला ठेवून त्या एका दिवसापुरती सगळ्यांना वाचलेल्या ओर्कांची पात्रे द्या, आणि ज्याने 'ते असतातच तसे' म्हटले त्याच्याकडे पोरांना घेऊन पळालेली आजी द्या. शिरपूरच्या मित्राला काय खेळायचे ते त्याला निवडू द्या. कदाचित त्याला त्या दिवशी खेळ चालवायला आवडेल, तसे असेल तर तुमची खुर्ची त्याला द्या. पहिला प्रश्न साधा ठेवा: पाणी कुठून आणायचे, आणि खालच्या गावातल्या विहिरीवर कोण जाणार. फासे हाताशी असू द्या, पण पहिला अर्धा तास ते उचलू नका.